डिमेन्शिया म्हणजे मेंदूतल्या पेशींचं म्हातारपणच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७२ वर्षांची आहे. वर्षभरापासून ती नावं विसरते, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते. गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर झिजले की पेशी म्हाताऱ्या होतात आणि त्यातूनच डिमेन्शिया होतो, असं तुमच्या वाचनात आलं. मग तिची टेलोमिअर तपासणी करून घ्यावी का? ‘म्हाताऱ्या पेशी काढून टाकणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या सुरू कराव्यात का? आणि तुम्ही स्वतः ४६ वर्षांच्या आहात, तर तुमच्याही डोक्यात हे आतापासून सुरू झालं असेल का?

तपासणी करू नका. गोळ्या देऊ नका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कदाचित हो’ असं आहे, पण त्यात घाबरण्यापेक्षा धीर धरण्यासारखं जास्त आहे असं मला का वाटतं, ते सांगायला जरा जागा लागेल.

स्मृतीच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण मी गेली २७ वर्षं तपासते आहे. सुरुवातीच्या काळात ‘वय झालं की हे व्हायचंच’ असं मी स्वतः कित्येक नातेवाइकांना सांगितलं आहे. त्याची मला आजही खंत वाटते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की डॉक्टरही तिच्यातून सुटत नाहीत. आता गंमत अशी झाली आहे की तीच म्हण विज्ञानाच्या भाषेत परत आली आहे: पेशी म्हातारी होते, म्हणून बुद्धी जाते. यात खरं बरंच आहे, पण जे गाळलं जातं तेच तुमच्या कामाचं आहे.

आधी हे लक्षात घ्या की ज्या बाईंमुळे अल्झायमर हा आजार, म्हणजे डिमेन्शियाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण, ओळखला गेला, त्या म्हाताऱ्या नव्हत्याच. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आलोइस अल्झायमर यांनी त्यांना तपासलं तेव्हा त्यांचं वय ५१ होतं. १९०६ मध्ये त्या वारल्यावर अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या: पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेले गुंते. पुढची साठ-सत्तर वर्षं वैद्यकशास्त्राने हा मध्यमवयातला दुर्मीळ आजार मानला, आणि म्हाताऱ्या माणसांच्या विस्मरणाला ‘वार्धक्याचा’ म्हणून बाजूला ठेवलं. १९७६ मध्ये अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडलं की दोन्ही एकच आहेत आणि हा फार मोठा, सर्रास आढळणारा आजार आहे. वय की आजार, हा वाद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. पेशींच्या वार्धक्याचं संशोधन हा त्याच वादाचा नवा अध्याय आहे.

आता पेशीकडे येऊ.

१९६१ साली फिलाडेल्फियात लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या तर त्या साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. तोपर्यंत समज होता की शरीराबाहेर पेशी अमर असतात. कारण पुढे कळलं. गुणसूत्राच्या टोकाला सहा अक्षरांचा एकच शब्द शेकडो-हजारो वेळा लिहिलेला असतो, तोच टेलोमिअर. पुस्तक पुन्हा पुन्हा बांधणीला दिलं की दर वेळी कडा थोडी कापली जाते. समास आहे तोवर मजकुराला धक्का लागत नाही. टेलोमिअर हा तो समास. दर विभाजनात तो थोडा कमी होतो आणि फारच कमी उरला की पेशी विभागणं थांबवते. टेलोमिअर गुणसूत्रांचं रक्षण कसं करतात, या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शॉस्टॅक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

इथपर्यंत सगळं ठीक. पण विचार आणि आठवणी ज्यांच्या आधाराने चालतात त्या चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, विभागतच नाहीत! तुमच्या आईच्या मेंदूच्या बाह्यावरणातल्या चेतापेशी तिच्याच वयाच्या आहेत. हे सिद्ध कसं झालं तेही ऐकण्यासारखं आहे. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ एकदम वाढलं आणि १९६३ च्या बंदी करारानंतर हळूहळू उतरत गेलं. पेशी जन्माला येते त्या वर्षीच्या हवेची नोंद तिच्या डीएनएत राहते. स्वीडनमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने ती नोंद वाचली. मेंदूच्या बाह्यावरणातल्या चेतापेशींचा जन्म त्या माणसाच्या जन्माच्या आसपासचाच निघाला.

जी पेशी विभागत नाही तिचा समास कापला जात नाही. म्हणून ‘टेलोमिअर झिजले, चेतापेशी म्हातारी झाली, डिमेन्शिया झाला’ ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

तपासणीबद्दल माझं मत इतकं स्पष्ट का आहे, ते दोन उदाहरणांनी सांगते. नेदरलँड्सच्या हेंड्रिकये व्हॅन आन्देल-स्खिपर या ११५ वर्षं जगल्या आणि २००५ मध्ये वारल्या. ११२-११३ व्या वर्षी घेतलेल्या चाचण्यांत त्यांची बुद्धी ६० ते ७५ वयाच्या सर्वसाधारण माणसांपेक्षा सरस होती. त्यांनी देहदान केलं होतं. शवविच्छेदनात मेंदूत अल्झायमरच्या खुणा नगण्य होत्या. पुढे त्यांच्या पेशींचा अभ्यास झाला, तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर मेंदूतल्या पेशींच्या तुलनेत १७ पट आखूड निघाले. टेलोमिअरची बाजारात मिळणारी तपासणी रक्ताचीच किंवा लाळेची असते. त्या बाईंच्या हातात असा अहवाल पडला असता तर काय वाटलं असतं, याचा विचार करा.

दुसरं उदाहरण मन हेलावणारं आहे. प्रोजेरिया नावाच्या दुर्मीळ आजारात लहान मुलांचं शरीर झपाट्याने म्हातारं होतं. केस जातात, कातडी सुरकुतते, धमन्या कडक होतात, आणि बहुतेक मुलं विशीच्या आतच हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने जातात. पण त्यांची बुद्धी शाबूत असते. ही मुलं हुशार असतात, शाळेत शिकतात, विनोद करतात. कारण असं की ज्या बिघडलेल्या प्रथिनामुळे हा आजार होतो, ते प्रथिन चेतापेशी जवळजवळ तयारच करत नाहीत. तेव्हा ‘पेशींचं वार्धक्य’ ही शरीरभर एकाच वेगाने चालणारी गोष्ट नाही. एकाच माणसात वेगवेगळे अवयव वेगवेगळ्या वयाचे असू शकतात.

याचा अर्थ टेलोमिअर पूर्णपणे निरर्थक आहेत असा नाही. जन्मतः थोडे आखूड टेलोमिअर मिळालेल्यांना अल्झायमरचा धोका किंचित जास्त असतो, असं आनुवंशिक अभ्यासांतून दिसतं. मात्र लांब टेलोमिअर मिळालेल्यांना काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका जास्त असतो. हजारो लोकांच्या सरासरीत दिसणारा असा बारीक फरक एका माणसाचं भविष्य सांगू शकत नाही. रक्तावरून ‘जैविक वय’ सांगणाऱ्या तपासण्यांबद्दलही माझं म्हणणं हेच. २०१३ मध्ये स्टीव्ह होर्व्हाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणांवरून वय मोजण्याची पद्धत दिली. संशोधनाच्या दृष्टीने ती अप्रतिम आहे, पण तुमच्या आईच्या विस्मरणाचं निदान तिच्यातून होत नाही.

मग चेतापेशी म्हातारी होते तरी कशी? ती आयुष्यभर एकाच जागी बसून काम करते म्हणून. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जेतला वाटा सुमारे २० टक्के. सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी रात्रंदिवस ही ऊर्जा वापरतात. ती तयार करणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, काम करता करता खराब होतात आणि खराब झालेल्या वेळेवर मोडीत काढल्या नाहीत तर आसपासच्या रचनेला इजा करतात. विभागणारी पेशी निदान आपला कचरा दोन लेकींमध्ये वाटून टाकते, चेतापेशीला ती सोय नाही. तिला सगळं आतल्या आत पचवावं लागतं. पेशी स्वतःचेच खराब भाग पचवते त्या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. वयाबरोबर ही पचनशक्ती मंदावते. चेतापेशीच्या डीएनएतही दरवर्षी सरासरी पंधरा-वीस नव्या चुका साचत जातात. उंदरांच्या मेंदूत तर असं दिसलं आहे की केंद्रकाच्या दारातली काही प्रथिनं आयुष्यभर बदललीच जात नाहीत. घराची सगळी डागडुजी होते, पण उंबरठा तोच राहतो, तसं.

इतकं असूनही बहुतेक चेतापेशी ऐंशी-नव्वद वर्षं टिकतात. मला हे दर वेळी थक्क करतं. म्हणून ‘चेतापेशी का मरतात’ याबरोबरच ‘इतकी वर्षं त्यांना कोण जगवतं’ हाही प्रश्न विचारायला हवा, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

चेतापेशींभोवती त्यांना जगवणाऱ्या पेशींचा मोठा परिवार असतो. ॲस्ट्रोसाइट त्यांना पोसतात आणि रक्तवाहिन्यांशी जोडून देतात. मायक्रोग्लिया या मेंदूच्या रक्षक आणि सफाई करणाऱ्या पेशी आहेत. काही पेशी चेतातंतूंवर स्निग्ध आवरण चढवतात, आणि त्यांची नवी फळी तयार करणाऱ्या पूर्वपेशी असतात. केशवाहिन्यांचं अस्तर रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी सांभाळतं. यांतल्या बऱ्याच पेशी विभागू शकतात, आणि म्हणून हेफ्लिक यांना दिसलेल्या अर्थाने म्हाताऱ्याही होऊ शकतात.

पेशी थांबण्यासाठी टेलोमिअरच संपावे लागतात असंही नाही. डीएनएला झालेली इजा, सततचा दाह, साखरेचा मारा, बिघडलेल्या तंतुकणिका, यांतल्या कशानेही पेशी कायमची थांबते. अशा पेशीला शास्त्रीय भाषेत सेनेसन्ट म्हणतात. मी रुग्णांशी बोलताना ‘जरठ पेशी’ म्हणते. ती मरत नाही. गप्पही बसत नाही. ती दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते, आसपासची ऊती विरघळवणारी विकरं सोडते, आणि शेजारच्या धडधाकट पेशींनाही हळूहळू जरठ करते. तरुणपणी रोगप्रतिकारक पेशी अशा पेशींना हुडकून संपवतात. वय वाढलं की शोधणाऱ्याही थकतात आणि जरठ पेशी साचत जातात.

यांचा डिमेन्शियाशी संबंध आहे का, हे २०१८ मध्ये पहिल्यांदा नीट तपासलं गेलं. मेयो क्लिनिकमध्ये डॅरन बेकर यांच्या गटाने असे उंदीर घेतले ज्यांच्या मेंदूत टाऊ या प्रथिनाचे गुंते होतात, म्हणजे अल्झायमर यांनी पाहिलेल्या दोन गोष्टींपैकी दुसरी. त्यांच्यात चेतापेशी मरण्याआधीच ॲस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया जरठ झालेल्या दिसल्या. आजार दिसू लागण्यापूर्वीपासून त्या काढून टाकत राहिल्यावर गुंते कमी झाले आणि स्मृती टिकली. लक्षात घ्या, चेतापेशींना कुणी हातही लावला नव्हता. फक्त शेजार साफ केला होता. पुढच्या वर्षी आणखी एका गटाने दाखवलं की अमायलॉइड या प्रथिनाच्या थरांभोवती (अल्झायमर यांनी पाहिलेली पहिली गोष्ट ती हीच) आवरण-पूर्वपेशी जरठ होतात, आणि त्या औषधाने काढल्यावर उंदरांची स्मरणशक्ती सुधारते.

२०२१ मध्ये माणसांच्या मेंदूंचा अभ्यास आला आणि चित्र पुन्हा थोडं गुंतागुंतीचं झालं. त्यात जरठपणाच्या खुणा दाखवणाऱ्या बहुतेक पेशी चक्क चेतापेशी होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळांमध्ये टाऊचे गुंते होते. जी पेशी कधी विभागत नाही ती ‘विभागणं थांबवलेल्या’ पेशीसारखी कशी वागते? इजा झालेल्या चेतापेशी कधी कधी विभाजनाची तयारी सुरू करतात, ती पुरी करू शकत नाहीत आणि अधल्यामधल्या अवस्थेत अडकतात, हे आधीपासून माहीत होतं. तोच धागा इथे जुळतो.

मग आधी काय? गुंत्यांमुळे पेशी जरठ होतात की जरठ पेशींमुळे गुंते वाढतात? माझं मत असं की दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये २१ वं गुणसूत्र जास्तीचं असतं आणि अमायलॉइडचं जनुक त्याच गुणसूत्रावर आहे; चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत अमायलॉइडचे थर दिसतात. म्हणजे नुसत्या अमायलॉइडच्या जोरावरही हे चक्र फिरू लागतं. पण सर्वसाधारण माणसांत धोका वाढवणारी जनुकं पाहिली तर ती बोट दाखवतात शेजाऱ्यांकडे. एपीओई या जनुकाचा ४ क्रमांकाचा प्रकार त्यांत सगळ्यात महत्त्वाचा. या जनुकाचं प्रथिन मेंदूत मुख्यतः ॲस्ट्रोसाइट बनवतात. ट्रेम-२ या जनुकातला दुर्मीळ बदल धोका दोन-तीन पटींनी वाढवतो, आणि ते जनुक काम करतं मायक्रोग्लियामध्ये. सफाई करणारेच थकले तर कचरा साचणारच.

अमायलॉइड काढणाऱ्या नव्या औषधांचा अनुभवही मला याच दिशेने नेतो. त्यांतल्या लेकानेमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते. औषधाने थर खूप कमी केले, पण १८ महिन्यांत बुद्धीची घसरण साधारण २७ टक्क्यांनीच मंदावली, थांबली नाही. काहींच्या मेंदूत सूज आली, बारीक रक्तस्राव झाले. हे मी कमी लेखत नाही. दशकानुदशकांच्या अपयशानंतर मिळालेलं हे पहिलं खरं यश आहे. पण कचरा उचलला तरी मोडलेला शेजार आपोआप उभा राहत नाही, हेही त्यातून दिसतं.

आता त्या गोळ्या. जरठ पेशी मारणाऱ्या औषधांना सेनोलिटिक म्हणतात. सर्वांत जास्त अभ्यासलेली जोडी आहे डासाटिनिब आणि क्वेर्सेटिन. डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे. त्याने रक्तपेशी कमी होऊ शकतात, छातीत पाणी होऊ शकतं. क्वेर्सेटिन हे वनस्पतींतलं द्रव्य, आणि ‘पूरक आहार’ म्हणून विकलं जातं ते बहुधा हेच किंवा फिसेटिन. अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांवर या जोडीची पहिली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण किती होते? ५. कालावधी १२ आठवडे. डासाटिनिब चौघांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सापडलं, क्वेर्सेटिन त्या द्रवात कुणातच आढळलं नाही. बुद्धीच्या चाचण्यांत ठळक फरक पडला नाही, आणि ते अपेक्षितच होतं, कारण प्रयोग फक्त औषध सुरक्षित आहे का आणि मेंदूपर्यंत पोचतं का हे पाहण्यासाठी होता. म्हणजे ज्या द्रव्याच्या गोळ्या तुम्ही विकत घेणार आहात, ते जिथे पोचायला हवं तिथे पोचल्याचा पुरावाच या चाचणीत मिळाला नाही.

माझी काळजी याहून जास्त आहे. जरठ पेशी निव्वळ शत्रू नाहीत. कर्करोग होऊ नये म्हणून शरीराने केलेली ती तजवीज आहे: बिघडलेली पेशी वेडीवाकडी वाढण्याऐवजी थांबते. जखम भरून येण्यातही त्यांचा हात असतो. उंदरांच्या यकृतात काही जरठ पेशी काढून टाकल्यावर तिथे व्रणासारखी तंतुमय ऊती वाढली, कारण त्या पेशी म्हाताऱ्या असल्या तरी काम करत होत्या. ७२ वर्षांच्या बाईला, जी कदाचित रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधं घेत असेल, अशा गोळ्या परस्पर सुरू करणं मला मान्य नाही. पुढच्या दहा वर्षांत यातून चांगली औषधं निघतील अशी मला मनापासून आशा आहे. आज ती आलेली नाहीत.

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येते. अल्झायमरमध्ये लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून मेंदूत बदल सुरू असतात. ६५ नंतर डिमेन्शियाचं प्रमाण दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत जातं, हेही खरं. म्हणून मी ‘कदाचित हो’ म्हटलं. पण पंच्याऐंशीच्या पुढच्या बहुसंख्य माणसांनाही डिमेन्शिया नसतो. आणि मेंदूत खुणा असणं म्हणजे आजार असणंही नव्हे. अमेरिकेत १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ ख्रिस्ती जोगिणींनी, म्हणजे नननी, मरणोत्तर मेंदू द्यायचं कबूल केलं. त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूत भरपूर थर आणि गुंते होते, तरी शेवटपर्यंत त्यांचं डोकं तल्लख होतं. याच जोगिणींमध्ये, गुंते-थरांच्या जोडीला बारीक पक्षाघातांच्या खुणा असल्या की डिमेन्शिया दिसण्याची शक्यता कितीतरी वाढलेली आढळली.

हे शेवटचं वाक्य मी माझ्या रुग्णांच्या मुलांना नेहमी सांगते, कारण रक्तवाहिन्या आपल्या हातात आहेत. वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर आणि तंबाखू यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी लवकर जरठ होतात. मेंदूच्या केशवाहिन्यांत हे झालं की गाळणी गळू लागते, रक्तातली नको ती प्रथिनं आत झिरपतात आणि मायक्रोग्लिया सतत भडकलेल्या राहतात. पेशींचं वार्धक्य रोखायचं म्हणून लोक महागड्या गोळ्या शोधतात आणि १५० च्या वरचा रक्तदाब तसाच अंगावर काढतात, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. ९,३०० हून जास्त लोकांवरच्या एका अमेरिकन चाचणीत, २०१९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा, वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य स्मृतिदोष १९ टक्क्यांनी कमी आढळला. डिमेन्शियातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली गेली होती. तरीही इतका चांगला पुरावा असलेलं दुसरं साधं औषध मला ठाऊक नाही.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावा. त्यात लाज कसली. तीन वर्षांच्या एका चाचणीत सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांचा धोका मुळातच जास्त होता त्यांची घसरण यंत्रामुळे जवळपास निम्म्याने मंदावली. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली: रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बहिरेपण, अधू दृष्टी, नैराश्य, एकटेपणा वगैरे. या सगळ्यांवर मात करता आली तर डिमेन्शियाचा सुमारे ४५ टक्के भार टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा समाजाचा आहे, एका माणसाचा नाही. तरी ४६ व्या वर्षी यातलं बरंच काही तुम्हाला अजून करता येण्यासारखं आहे.

एक अलीकडची गोष्ट सांगते, कारण ती मलाही अनपेक्षित होती. वेल्समध्ये २०१३ पासून नागिणीची लस देताना जन्मतारखेची एक रेषा ठरवली होती: २ सप्टेंबर १९३३ किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, आधी जन्मलेल्यांना नाही. त्यामुळे काही दिवसांच्या फरकाने जन्मलेल्या दोन गटांची तुलना आपोआप जमून आली. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला. कारण अजून उलगडायचं आहे. पण म्हातारी होत चाललेली रोगप्रतिकारशक्ती आणि मेंदू यांचा संबंध किती घट्ट असावा, याकडे ते बोट दाखवतं.

आता आई, कारण मला सगळ्यात जास्त तिचीच काळजी आहे. नाव आठवायला वेळ लागणं आणि नंतर आठवणं हे वयाचं लक्षण असू शकतं. तीच गोष्ट थोड्या वेळाने पुन्हा विचारणं आणि आपण विचारलं होतं हेच न आठवणं, हे वयावर ढकलू नका. पेशींचं वय मोजण्याआधी तिचं ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, क्षार, हिमोग्लोबिन तपासा. मेंदूचा एक स्कॅन लागेल. ती उदास असते का, झोपेत घोरते आणि श्वास अडकतो का, ऐकू किती येतं, हे पाहा. आणि तिची औषधं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. घरच्यांनी ‘अल्झायमर’ गृहीत धरून पुढची तजवीजही सुरू केली होती. त्या रोज रात्री झोपेची गोळी आणि ॲलर्जीची एक जुनी गोळी घेत होत्या, दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या. हळूहळू दोन्ही बंद केल्यावर तीन महिन्यांनी त्या स्वतः एकट्या तपासणीला आल्या आणि मागच्या भेटीत मी काय बोलले होते ते त्यांनी मला सांगितलं. सगळ्यांचं असं होत नाही; बहुतेकांचं होत नाही. पण पाहिल्याशिवाय कळणार नाही.

स्मृतिविकार पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, थेंब, काढे एका पिशवीत घालून न्या. तिच्यासोबत राहणाऱ्या माणसाने गेल्या महिनाभरातले तीन-चार प्रसंग लिहून आणावेत: काय झालं, कधी, पूर्वी ती हे कसं करायची. आणि तपासणीच्या खोलीत गेल्यावर तिच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका. ती थांबली, अडखळली, तरी थांबा. मला पेशंटच्या त्या अडखळण्यातून जे कळतं, ते कुठल्याही अहवालातून कळत नाही.